ढोलवाल्याचं पाऊल

हेडली ट्रेंबाथच्या गळ्यात पहिल्यांदा ढोल अडकवला, तेव्हा ढोल त्याच्याहून मोठा होता. समोरून बघणाऱ्याला वर टोपी आणि खाली दोन पाय एवढंच दिसायचं. बायका दारात उभ्या राहून हसायच्या, "बघा गं, कॅप्टनचा ढोल आता स्वतःच्या पायांनी चालायला लागला!" हेडलीला ऐकू यायचं, पण मान वळवायची सोय नव्हती. बँड चालत असताना जो मान वळवील त्याच्या पोटरीवर बँड शिकवणाऱ्या कॅप्टन पोलग्लेझ यांची छडी बसायची.

हे कॅप्टन समुद्रावरचे नव्हेत. खाणीत जमिनीखालच्या कामावर ज्याची हुकमत, त्याला आमच्याकडे कॅप्टन म्हणतात. व्हील कॉन्स्टन्स ही आमची तांब्याची खाण, दक्षिण ऑस्ट्रेलियात, यॉर्क द्वीपकल्पावर. माणसं सगळी कॉर्निश. आजे-पणजे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून बोटीने आले, खाणी खोदल्या, चुन्याने रंगवलेली बुटकी घरं बांधली आणि जिथे प्यायच्या पाण्याची बोंब, तिथे तीन-तीन चॅपेलं, म्हणजे प्रार्थनाघरं, उभी केली. चॅपेल आलं की गाणं आलं आणि गाण्यामागून पितळी वाद्यांचा बँड आला. खाणीतल्या कामाला कंटाळलेला माणूस आमच्याकडे सापडेल. बँडला कंटाळलेला सापडायचा नाही.

हेडलीचा बाप सोन्याच्या नादाने पश्चिमेला कालगुर्लीकडे गेला. आधी पैसे पाठवायचा, मग नुसतीच खुशाली पाठवायचा, मग तीही बंद झाली. आई थर्झा लोकांचे कपडे धुऊन घर चालवायची. तेराव्या वर्षी हेडली दगडांतून तांबं निवडायच्या कामाला लागला. दर रविवारी मात्र चहाला तो पोलग्लेझांच्या घरी असायचा, कारण कॅप्टनचा एकुलता एक मुलगा वेस्ली त्याच्या बरोबरीचा. वेस्ली कॉर्नेट हा छोटा पितळी कर्णा वाजवायचा, आणि असा वाजवायचा की चॅपेलमधल्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. कॅप्टनची बायको, केझाया मावशी, दोघांच्या ताटलीत केशर घातलेला केक सारखाच वाढायच्या. आमच्याकडे वयाने मोठ्या कुठल्याही बाईला मावशीच म्हणतात. पण हेडलीने त्यांना मावशी म्हटलं की त्यात थोडं आई म्हटल्यासारखंही असायचं.

"ढोल काय, कुणीही बडवील," वेस्ली चिडवायचा. "गाढवाच्या शेपटीला काठी बांधली तरी वाजेल."

"मग गाढवालाच पुढे घाला की," हेडली म्हणायचा. "तुझा सूर आहेच त्याच्याशी जुळणारा."

कॅप्टनना मात्र ढोलाची किंमत ठाऊक होती. ते म्हणायचे, "सूर चुकला तर देव माफ करील. पाऊल चुकलं तर मी करणार नाही." खाणीतल्या टाकाऊ दगडांच्या ढिगामागे कडक जमीन होती. तिथे ते वीस-पंचवीस जणांना वाद्यांशिवाय नुसतं चालायला लावायचे, आणि सगळ्यांची पावलं हेडलीच्या ढोलावर. हेडलीचा डावा पाय पडला की सगळ्या बँडचा डावा पाय पडला पाहिजे. पुढे पुढे असं झालं की शिफ्ट सुटल्यावर बँडमधली दोन माणसं शेजारून चालली, तरी चार घरं ओलांडायच्या आत त्यांची पावलं जुळायची. गाव थट्टा करायचं. कॅप्टनना त्याचा अभिमान होता.

हे पाऊल लागायचं कशाला, तर मिरवणुकीपेक्षाही जास्त मयताला. आमच्याकडे माणूस गेला की त्याला गाडीतून नेत नाहीत. पेटीखालून पांढरे पंचे घालायचे, सहा जणांनी ते हातात धरायचे आणि घरापासून दफनभूमीपर्यंत चालत न्यायचं. सहा थकले की दुसरे सहा. बाकीचे पुढे गात चालणार, आणि मेलेला बँडचा असेल तर बँड वाजवत चालणार. सगळ्यांची पावलं जुळली की पेटी हलकेच एका लयीत डुलते. ते डुलणं हाच मेलेल्याचा मान. एखाद्याला गाडीतून नेलं, तर लोक पिढ्यान् पिढ्या म्हणायचे, "त्याला हातावर न्यायला माणसं मिळाली नाहीत."

चौदा सालची मोठी लढाई सुरू होऊन दीड वर्ष झालं, तेव्हा सैन्यभरतीची सभा आमच्या मैदानावर झाली. बँड अर्थातच आमचा. शेवटची चाल संपली आणि वाजवणाऱ्यांतलेच सात जण वाद्यं खाली ठेवून नाव द्यायला रांगेत उभे राहिले. हेडली आणि वेस्ली त्यांत होते. पुढे खंदकात बसून त्या सातांतलाच अर्न व्हॉस्पर म्हणायचा, "जगात दुसऱ्यांनी वाजवलेल्या बाज्याला लोक भुलतात. आम्ही आमच्याच बाज्याला भुललो."

कॅप्टननी प्रत्येकाचा हात हातात घेतला. केझाया मावशींनी केक फडक्यात बांधून दिला आणि वेस्लीऐवजी हेडलीकडे बघत म्हणाल्या, "तो वाऱ्यावर असतो. तू जमिनीवर असतोस. लक्ष ठेव."

"ठेवतो मावशी," हेडली म्हणाला. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला असं वचन द्यायला काय लागतं!

पलटणीत त्यांना बँड मिळाला, आणि बँडबरोबर एक गोष्ट मिळाली जी गावात कुणी सांगितली नव्हती. लढाई सुरू झाली की वाद्यं पेटाऱ्यात जातात आणि बँडवाल्यांच्या हातात स्ट्रेचर येतं. जखमींना उचलून आणायचं काम त्यांचं. इंग्लंडमधल्या थंडगार माळावर त्यांची तालीम सुरू झाली. शिकवायला डन्फी नावाचा सार्जंट होता. आधी रेल्वेत अपघातातली माणसं उचलायचं काम केलेला, नाकाने लाल आणि तोंडाने तिखट.

पहिल्याच दिवशी त्याने वेस्लीला स्ट्रेचरवर निजवलं आणि त्याच्या छातीवर चहाने काठोकाठ भरलेला मग ठेवला. हेडली, व्हॉस्पर आणि गावच्याच बँडमधले ब्रे बंधू असे चौघे उचलून चालू लागले. दहा पावलांत त्यांचे पाय जुळले, स्ट्रेचर झुल्यागत डुलायला लागलं आणि चहा वेस्लीच्या मानेवर सांडला.

"अगं आई गं!" वेस्ली ओरडला.

"ऐकलंत?" डन्फी म्हणाला. "हा चहाने ओरडला. तुटलेल्या हाडाने कसा ओरडेल? चार माणसांची पावलं जुळली की स्ट्रेचर हिंदकळतं. हिंदकळलं की हाड हलतं, आणि हाड हललं की शिरा फाटते. पाऊल मोडा! एकाचा डावा तेव्हा दुसऱ्याचा उजवा. चौघं चार दारुड्यांसारखे चाला."

सांगणं सोपं होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. शेतकऱ्यांची पोरं, हमाल, कारकून, सगळे तासाभरात शिकले. बँडवाल्यांच्या नाकी नऊ आले. त्यातही हेडलीची दशा वाईट, कारण इतरांचे पाय नकळत त्याच्याच पायाशी जुळायचे.

"ए ढोलक्या!" डन्फी गरजायचा. "तुझ्या पायात अख्खा बँड घुसून बसलाय. एकेकाला बाहेर काढ!"

शेवटी हेडलीने स्वतःच तोड काढली. ज्याला ठेका नाही असं काहीतरी मनाशी म्हणत चालायचं. तो गावातल्या आपल्या गल्लीतली घरं ओळीने म्हणायचा. नानकिव्हेल, ब्रे, म्हातारी टॉय, मोडकं कुंपण, पोलग्लेझ, पाण्याची टाकी. नावं लहानमोठी, त्यामुळे पाय त्यांवर नाचू शकत नव्हते. त्याने इतरांनाही तसंच करायला शिकवलं. महिन्याभरात मगातला थेंबही सांडेनासा झाला. डन्फीने त्याच्या बाहीवर एक पट्टी चढवली आणि म्हणाला, "आता तू या तिघांचा बाप. यांचं पाऊल जुळलं तर पाप तुझं."

पुढे वर्षभर फ्रान्स आणि फ्लँडर्समध्ये हेडलीने माणसं उचलली. सुरुवातीला तो त्यांची नावं विचारायचा. मग विचारेनासा झाला, कारण नाव कळलं की माणूस मेल्यावर ते डोक्यात राहायचं. गोळ्या चालू असताना तीनदा पुढे जाऊन जखमी आणल्याबद्दल त्याला पदक मिळालं. ते त्याने मोज्यात गुंडाळून ठेवलं. वेस्ली दुसऱ्या एका चौकडीत होता. संध्याकाळी दोघे भेटले की एका डब्यातलं खारं मांस खायचे आणि केझाया मावशींच्या पास्टीची आठवण काढायचे. ती पास्टी म्हणजे मांस-बटाट्याचं सारण भरलेली वीतभर लांब करंजीच. दुमडलेल्या कडेच्या टोकावर खाणाऱ्याच्या नावाचं अक्षर कोरलेलं असायचं.

"आईने तुझ्या पास्टीत मांस जास्त घातलंय हे मला लहानपणापासून माहीत आहे," वेस्ली म्हणायचा.

"तुला कसं माहीत?"

"मी अदलाबदल करायचो."

सतराच्या ऑक्टोबरमध्ये, पॅशनडेलच्या चिखलात, वेस्ली एका जखमीचा हात बांधत असताना त्याच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. हेडलीची चौकडी मदतठाण्यावर आली तेव्हा तो तिथेच एका कोपऱ्यात निजलेला होता. दोन्ही बाजूंनी फळकुटं लावून पाय बांधलेला होता आणि चेहरा चुन्यासारखा झाला होता.

डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "मांडीचं हाड मोडलंय आणि त्याचं टोक मोठ्या रक्तवाहिनीला टेकलंय. चांगल्या फळ्या संपल्यात, हे तात्पुरतं बांधलंय. पुढे न्यायची माणसं आज येत नाहीत, तेव्हा तुम्हीच न्या. रस्त्याच्या टोकाशी मोटार उभी आहे. न हिंदकळता नेलंत तर पाय जाईल, पोरगा राहील."

ठाण्यापासून रस्त्यापर्यंत नुसता चिखल होता. मांड्यांपर्यंत रुतणारा, माणसं आणि खेचरं गिळणारा. चौघांना आणखी चौघांनी हात दिला. तिथे पाऊल जुळण्याचा प्रश्नच नव्हता. कुणाचा पाय कधी निघेल हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसायचं. किती वेळ लागला देव जाणे. दोनदा गोळे जवळ पडले, व्हॉस्परचा खांदा खरचटला, पण स्ट्रेचर सरळ राहिलं. हेडली सारखा मागे वळून बघत होता.

"पुढे बघ, ढोलक्या," वेस्ली क्षीण आवाजात म्हणाला. "गाढवाने सुद्धा तुझ्यापेक्षा बरं नेलं असतं."

"गाढवं सगळी बुडाली. मी उरलोय," हेडली म्हणाला, आणि वेस्ली हसला. तो हसला म्हणून चौघांच्या जिवात जीव आला.

मग तो रस्ता आला. चिखलावर जाड लाकडी फळ्या शेजारी शेजारी टाकून केलेला, मोटारींसाठीचा रस्ता. कडक आणि सपाट. हात द्यायला आलेले चौघे परत गेले. तोफा मागे राहिल्या होत्या. दुपारचं फिकट ऊनही पडलं होतं. सगळं वाईट ओलांडून आपण आता चांगल्या वाटेला लागलो, असं चौघांनाही वाटलं, आणि तिथेच घात झाला.

वेस्ली थंडीने कुडकुडत होता. "काहीतरी म्हणा रे," तो म्हणाला. "नुसती तुमची धाप ऐकून मला मेल्यासारखं वाटतंय." कुणी सुरुवात करीना, तेव्हा त्यानेच दात आवळून एक चाल धरली. कॅप्टननी बांधलेली नाताळची चाल, जी डिसेंबरात आमच्या खाणीच्या पोटात मेणबत्त्या लावून शंभर माणसं गातात. आधी धाकटा ब्रे तिच्यात मिसळला, मग थोरला, मग व्हॉस्पर. हेडली घरांची नावं म्हणत होता. नानकिव्हेल, ब्रे, म्हातारी टॉय. पुढचं नाव आठवायच्या आत तोही गायला लागला.

ओझं एकदम हलकं झालं. पाऊल जुळलं की उचलणाऱ्याला ओझं हलकं होतं, हे प्रत्येक खांदेकऱ्याला माहीत असतं. हेडलीला कळलं. हे सांगितलंच पाहिजे की त्याला कळलं होतं. त्याचे हात सोलवटले होते, पाठ मोडली होती. इतक्या महिन्यांनी आपण आपल्या माणसांत असल्यासारखं वाटत होतं, आणि वेस्ली गात होता. पुढे रस्त्याच्या कडेला एक मोडकी तोफगाडी पडली होती. तिथपर्यंत, त्याने मनाशी म्हटलं. तिथे पोचलो की पाऊल मोडायचं. तिथपर्यंत चालू दे.

तोफगाडीपाशी तो ओरडला, "पाऊल मोडा!" चौघे अडखळले, गाणं थांबलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वेस्लीचा आवाज त्याच्या आधीच थांबला होता. स्ट्रेचरच्या कापडातून फळ्यांवर रक्त ठिबकत होतं, आणि मागे पाहिलं तर ते बरंच लांबपासून ठिबकत आलेलं होतं.

ते धावले. मोटारीपाशी दुसऱ्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, हात सोडला. "इतक्या लांब आला हेच नवल," ते म्हणाले. "अशा जखमेत कुणाच्याही हातून गेला असता." बाकीच्या तिघांनी त्या वाक्याचा आधार धरला. हेडलीला तो धरता आला नाही. वेस्लीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्यांनी रस्त्यापलीकडच्या थडग्यांकडे नेलं. या वेळी कुणी पाऊल मोडलं नाही.

व्हॉस्पर पुढच्या वसंतात मारला गेला. ब्रे बंधू लढाई संपल्यावर पर्थला उतरले ते तिकडेच सोन्याच्या खाणींवर गेले. त्या रस्त्याबद्दल चौघांत पुन्हा कधी शब्द झाला नव्हता. त्या चौघांतला एकोणीस साली गावी परतलेला माणूस एकटा हेडली. बोटीवर सगळे दिवस त्याने एकच गोष्ट घोकली होती. आल्याबरोबर कॅप्टनना खरं सांगायचं. त्यांनी मारलं तर मार खायचा, हाकललं तर गाव सोडायचं. पण सांगायचं, कारण न सांगता त्या घरी चहा पिणं त्याला जमणार नव्हतं.

गावात काय झालं होतं ते आईने सांगितलं. तार घेऊन चॅपेलचे पाद्री गल्लीतून आले, तेव्हा ते आपल्या दारावरून पुढे जावेत म्हणून प्रत्येक बाई आत प्रार्थना करत होती. कॅप्टन दुसऱ्या दिवशी कामावर गेले. संध्याकाळी म्हातारे आणि पोरं जमवून बँडची तालीमही घेतली. फक्त नाताळची ती चाल त्यांनी पुन्हा काढली नाही. परत आलेल्या प्रत्येक शिपायाला ते एकच विचारत, माझ्या पोराला कुणी नेलं? आणि प्रत्येक जण सांगे, हेडली आला की त्याला विचारा.

रविवारी हेडली गेला. टेबलावर तेच पांढरं कापड होतं, केशरी केक होता. केझाया मावशी वाळून अर्ध्या झाल्या होत्या. कॅप्टन उठून उभे राहिले आणि त्यांनी कधी नव्हे ते हेडलीला मिठी मारली.

"कॅप्टन, मला तुम्हाला एक सांगायचंय," हेडली उभ्यानेच म्हणाला.

"आधी माझं ऐक. बस." कॅप्टननी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. "मी सत्तरीला आलोय. या गावात शेकडो मयतांच्या पुढे चाललोय मी. गावची पाच पोरं खाणीत दबून गेली, त्यांच्याही पुढे चाललो. कुणाला गाडीत घालू दिलं नाही. आणि माझा एकुलता एक पोरगा... दोन वर्षं माझ्या डोळ्यांपुढे तेच येतंय, की त्याला बटाट्याच्या पोत्यासारखं गाडीत टाकून नेलं असेल. कसं नेलं रे त्याला? मला खोटं सांगू नकोस."

"गाडीत नाही, कॅप्टन. आम्ही चौघांनी हातावर नेलं. मी, व्हॉस्पर आणि दोघे ब्रे."

"सगळे बँडचे?"

"सगळे बँडचे."

कॅप्टन पुढे वाकले. "आणि पाऊल? पाऊल जुळलेलं होतं?"

हेडलीने मावशींकडे पाहिलं. किटली हातात धरून त्या उभ्या होत्या. बोटीवर घोकलेलं एक वाक्यही त्याला आठवेना.

"होय, कॅप्टन," तो म्हणाला. "शेवटच्या रस्त्यावर जुळलेलं होतं. तुमची नाताळची चाल म्हणत होतो आम्ही."

कॅप्टननी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ज्या माणसाला गावाने कधी डोळे पुसतानाही पाहिलं नव्हतं, तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "माझी चाल," कॅप्टन म्हणत राहिले. "पाऊल जुळवून नेलं माझ्या पोराला. माझ्या चालीवर नेलं."

"कॅप्टन, तेव्हा तो अजून—" हेडलीने तोंड उघडलं.

"हेडली," केझाया मावशी म्हणाल्या. "केक घे."

त्यांनी ताटली त्याच्यापुढे इतक्या जोरात ठेवली की चमचा खाली पडला. कॅप्टनचं लक्षही नव्हतं. ते उठले, टोपी घातली, आरशात पाहून गळपट्टा नीट केला. संध्याकाळच्या प्रार्थनेला अजून अवकाश होता, पण त्यांना थांबवेना. "लोकांना सांगायला हवं," ते म्हणाले. जाताना त्यांनी हेडलीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला काय हवं ते माग पोरा. हे घर तुझं आहे."

दार लागलं. मावशी टेबलापाशी बसल्या. बराच वेळ त्यांनी कापडावरचे केकचे कण बोटाने गोळा केले.

"माझ्या वडिलांच्या मांडीवर दगड पडला, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "चार माणसांनी त्यांना उखडलेल्या दाराच्या फळीवर घालून घरी आणलं. आई त्यांच्यापुढे उलटी चालत, छाती बडवत ओरडत होती, पाऊल मोडा, मेल्यांनो, पाऊल मोडा. अजून ऐकू येतं मला. ह्यांना ते ठाऊक नाही. हे जन्मभर मेलेल्यांच्या पुढे चालले. जिवंत माणूस कसा न्यायचा ते ह्यांनी कधी मागे वळून पाहिलंच नाही."

हेडलीने खाली पडलेला चमचा उचलून टेबलावर ठेवला.

"जिवंत होता ना तेव्हा वेस्ली?"

"होता."

"ओरडला?"

"नाही, मावशी. गात होता. त्यानेच सुरुवात केली. पण मला कळलं होतं. मला कळलं होतं आणि मी थोडा वेळ तसंच चालू दिलं." आणि मग हेडली रडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही. रडू दिलं. ओसरल्यावर म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं नाही. कधीच नाही. आज तू दिलंस त्याच्यावरच हे आता जगणार आहेत. ते काढून घेतलंस तर मी तुला उभा जाळीन."

"आणि तुम्ही? तुम्ही मला..."

"मला विचारू नकोस. तुझ्याबद्दल माझ्या मनात काय आहे, ते मलाच अजून ठरवता येत नाही." त्या उठल्या आणि त्याचा गार झालेला चहा मोरीत ओतला. "पुढच्या रविवारी ये."

बाहेर लोक चॅपेलकडे जमू लागले होते. म्हातारा नानकिव्हेल रस्त्यात आडवा आला, टोपी काढून त्याने हेडलीचा हात दाबला. "कॅप्टननी सांगितलं सगळं. पाऊल जुळवून नेलंत म्हणे. शाबास रे पोरा. गावाचं नाव राखलंस." त्याच्यामागे आणखी माणसं हात पुढे करून उभी होती. हेडलीने एकेकाचा हात हातात घेतला. पुढची किती तरी वर्षं तो हे ऐकत राहिला. दर एप्रिलमध्ये, लढाईत गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, स्मारकापाशी कॅप्टन ही गोष्ट सांगायचे, आणि हेडली त्यांच्या शेजारी पदक लावून उभा असायचा. तोंड उघडायची चोरी होती. ढोल त्याने पुन्हा गळ्यात घातला नाही. हातांत पूर्वीचा जोर नाही, असं त्याने कॅप्टनना सांगितलं, आणि कॅप्टननी ते मानलं.

दर रविवारी मात्र तो चहाला गेला. खाण बंद पडली, अर्धं गाव उठून गेलं, थर्झा वारली, तरी तो रेल्वेवर रुळांची देखभाल करणारा गँगमन होऊन तिथेच राहिला. मावशी चहा द्यायच्या, केक वाढायच्या, पाण्यापावसाचं बोलायच्या. त्या गोष्टीवर पुन्हा एक शब्द झाला नाही. लग्न कर, असंही त्यांनी त्याला कधी सुचवलं नाही, आणि त्यानेही केलं नाही.

मग कॅप्टन गेले. हेडलीने त्यांच्या पेटीखालचा पंचा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, बदलीची माणसं पुढे आली तरी. त्यानंतरच्या रविवारी तो घरीच बसून राहिला. आता त्या घरी जायला कारण उरलं नाही, असं त्याला वाटलं. ज्या म्हाताऱ्यासाठी गप्प राहायचं, तो सुटला होता. उरली होती ती बाई, आणि आपल्याला इतकी वर्षं तिने केवळ नवऱ्यासाठी दारात उभं केलं, असं तो धरून चालला होता.

चार वाजून गेले आणि कुंपणाचं दार वाजलं. केझाया मावशी काठी टेकत येत होत्या. काळा झगा, काळी टोपी, गुडघ्यापर्यंत लाल धूळ. सगळी गल्ली चालून आल्या होत्या. हेडली धावत पुढे गेला.

"का आला नाहीस?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"मला वाटलं... आता कॅप्टन नाहीत."

"मी आहे ना?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "मी अजून ठरवलेलं नाही. इतक्यात ठरेल असंही वाटत नाही. पण चहा मी दोघांचा टाकलाय, आणि एकटीने प्यायची मला सवय नाही. चल."

हेडलीने आत जाऊन टोपी घेतली.